मोजपट्टी घेऊन शोरूममध्ये

आईवडिलांसाठी गाडी घ्यायचं ठरलं की घरातली तरुण मंडळी आधी मोबाइल काढतात. इंजिन किती सीसीचं, अ‍ॅव्हरेज किती, स्क्रीन केवढा, सनरूफ आहे की नाही, याचे तक्ते तयार होतात. त्या तक्त्यात एक रकाना हमखास नसतो: या गाडीत बसणारं माणूस आत कसं शिरणार आणि बाहेर कसं येणार. गुडघे कुरकुरायला लागलेल्या माणसासाठी गाडीचा निम्मा निकाल तिथेच लागतो, इंजिन सुरू व्हायच्या आधी.

शिवाय तक्ता करणाऱ्याची स्वतःची हौस त्यात गुपचूप शिरते. ‘बाबांसाठी सेफ आहे’ म्हणून मोठी, उंच एसयूव्ही पसंत पडते आणि बाबा तिच्यात दाराला लोंबकळत चढतात. गाडी कोणाची, हे एकदा मनाशी पक्कं केलं की आपलं काम पुष्कळ सोपं होतं. निवड त्यांची, आपण मोजायचं, विचारायचं आणि सेल्समनला थोडा वेळ गप्प ठेवायचं.

‘बाबा, तुम्हाला कशी गाडी हवी?’ हा प्रश्न वाया जातो. ‘साधीच बघ, मला काय करायचीय मोठी’ असं उत्तर येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. त्यापेक्षा गेल्या महिन्याभरात गाडी कुठे कुठे नेली, सोबत कोण होतं, डिकीत काय होतं, कुठल्या वेळी बाहेर पडायचं टाळलं, असं विचारावं. ‘आई, तुला मागे बरं पडतं की पुढे?’ हा प्रश्न तर बहुतेक घरांत कोणी कधी विचारलेलाच नसतो. अशा गप्पांतून कळतं, की बाबांनी अंधार पडल्यावर गाडी काढणं कधीच सोडलंय, फक्त कुणाला सांगितलेलं नाही. तसं असेल तर शोरूमच्या आधी डोळ्यांचा डॉक्टर. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर ती आधी उरकावी, नवा नंबर स्थिर होऊ द्यावा, चष्मा यावा, मग गाडी बघावी. डोळ्यांची अडचण महागड्या हेडलाइटने सुटत नाही, आणि शस्त्रक्रियेनंतर ‘आता जुनीच गाडी चांगली वाटतेय’ असंही होऊ शकतं.

आता मोजपट्टी. पहिलं माप जमिनीपासून सीटच्या बाहेरच्या कडेपर्यंत. ठोकळ मानाने बुटक्या हॅचबॅक-सेडानमध्ये बसणाऱ्याची कंबर जमिनीपासून पन्नास ते पंचावन्न सेंटिमीटरवर येते, मधल्या उंचीच्या क्रॉसओव्हरमध्ये साठ ते सत्तर, आणि भल्यामोठ्या एसयूव्हीत पंचाहत्तरच्याही वर. पण आकड्यापेक्षा माणूस महत्त्वाचं. दार उघडून त्यांना सीटला पाठ करून उभं करा. सीटची कडा गुडघ्याच्या बरीच वर, मांडीच्या मध्याच्या आसपास आली तर ते नुसते मागे टेकतील आणि बसतील. कडा गुडघ्याच्या जवळ असेल तर बसताना धपकन पडायला होतं आणि उठताना सगळं वजन गुडघ्यांवर येतं. कडा नितंबांच्या उंचीला असेल तर चढावं लागतं, म्हणजे एका पायावर तोल सांभाळत दुसरा उचलायचा. ज्यांचा खुबा दुखतो त्यांना हेच जमत नाही. आई आणि बाबांच्या उंचीत पंधरा सेंटिमीटरचा फरक असेल तर दोघांना एकच गाडी तितकीच सोयीची होणार नाही. मग जो रोज चालवतो त्याच्यापेक्षा ज्याचे सांधे जास्त दुखतात त्याचं माप धरावं, असं माझं मत.

सीटइतकाच त्रासदायक असतो दाराचा उंबरठा, म्हणजे दार उघडल्यावर खाली दिसणारी ती रुंद पट्टी. ती जमिनीपासून किती उंच, किती रुंद, आणि आतली पायाची जागा तिच्यापेक्षा किती खोल, ही तीन मापं घ्या. पट्टी रुंद असली की सीटपर्यंत पोचायला पाय लांब फाकावा लागतो. आतला तळ खोल असला की बाहेर येताना पाय विहिरीतून काढल्यासारखा वर उचलावा लागतो. विजेच्या गाड्यांत बहुधा बॅटरी पायाखाली असते, म्हणून तळ वर येतो. पाय बाहेर काढायला ते बरं, पण मागच्या सीटवर गुडघे वर राहतात आणि मांडीला आधार मिळत नाही. अर्ध्या तासाच्या प्रवासात हे जाणवतही नाही, दोन तासांत कंबर बोलायला लागते.

सीटच्या दोन्ही कडांना उंच उशा असलेल्या ‘स्पोर्टी’ सीट टाळाव्यात. तरुण माणूस त्या उशीवरून उडी मारून जातो; वयस्कर माणूस त्यावर मांडी घासत सरकतो आणि तिथेच अडकतो. कापडी सीटवर सरकणं जड जातं, लेदरच्या सीटवर सोपं. छताची कडाही बघा. सीट उंच आणि छत बुटकं असेल तर मान वाकवून आत जावं लागतं. मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांना याची फार भीती वाटते, पण ते बोलून दाखवत नाहीत.

दार एकदम पूर्ण उघडत नाही, दोन किंवा तीन टप्प्यांवर थांबतं. शोरूममध्ये दार सताड उघडून बसायला सांगतात, आणि तिथे सगळ्याच गाड्या सोयीच्या वाटतात. प्रत्यक्षात शेजारी दुसरी गाडी उभी असते आणि दार पहिल्या टप्प्यापर्यंतच उघडतं. म्हणून परीक्षा पहिल्या टप्प्यावर घ्यायची. एकदा आत जाऊन बाहेर यायला कुणालाही जमतं. सलग चार-पाच वेळा करायला सांगा, तेही शक्यतो संध्याकाळी, पाय थकलेले असताना. हात आपोआप कुठे जातो ते बघा. स्टिअरिंगला धरलं तर ठीक. दाराला धरलं तर धोका, कारण दार हलतं आणि आधार निसटतो. छताजवळची मूठ बऱ्याच गाड्यांत बाकी सगळीकडे असते आणि चालवणाऱ्याच्याच डोक्यावर नसते, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं कोण जाणे.

बसायची सोपी रीत अशी: आधी सीटला पाठ करून कडेवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. यासाठी डोक्यावर जागा लागते आणि पुढच्या सीटवर बसायचं असेल तर ती पुरेशी मागे सरकावी लागते. मागच्या दारातून बसणाऱ्यांसाठी आणखी एक बारीक माप आहे. दोन दारांमधला खांब आणि मागच्या सीटची पुढची कडा यांच्यातलं अंतर. तिथून चपलेसकट पाऊल आडवं न करता निघालं पाहिजे. गाडी आतून कितीही ऐसपैस असो, ही फट अरुंद असली की आई दरवेळी पाय वाकडा करूनच उतरणार.

सीटबेल्ट त्यांनाच लावायला सांगा, आपण मदत करायची नाही. खांदा आखडलेल्या माणसाचा हात मागे पट्ट्यापर्यंत जात नाही. खांबावरची पट्ट्याची उंची बदलता येते का, कुलूप सीटच्या फटीत रुतून बसलेलं आहे का, लाल बटण अंगठ्याने सहज दबतं का, हे दोन मिनिटांत कळतं.

चालवणारं माणूस बुटकं असेल तर पुढचा भाग नीट वाचा. छाती आणि स्टिअरिंगचा मधोमध भाग यांच्यात निदान २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग तिथूनच, फार वेगाने बाहेर येते. पाय पेडलपर्यंत पोचावेत म्हणून सीट पुढे ओढली की हे अंतर संपतं. यावर उपाय तीन: सीट वर-खाली होणं, स्टिअरिंग वर-खाली होणं आणि स्टिअरिंग पुढे-मागे होणं. तिसरी सोय कित्येकदा फक्त वरच्या मॉडेलमध्ये मिळते, आणि सनरूफपेक्षा तिच्यासाठी पैसे मोजणं कधीही शहाणपणाचं. ब्रेक तळापर्यंत दाबलेला असताना गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. डोक्यामागच्या उशीचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या टोकाला यावा. ती मानेशी ठेवली तर मागून धक्का बसल्यावर मान तिच्यावरून मागे फेकली जाते.

आता नजर. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. बाहुली लहान झालेली असते, भिंग पिवळसर झालेलं असतं, आणि समोरच्या दिव्याचा झोत भिंगात विखुरतो. म्हणून काही गोष्टी ज्या आपल्याला चैन वाटतात त्या त्यांच्यासाठी गरज असतात: आपोआप मंद होणारा आतला आरसा, उजेड भरपूर टाकणारे हेडलाइट, मोठे आकडे असलेलं मीटर. याउलट फिकट रंगाचा डॅशबोर्ड शोरूममध्ये प्रसन्न दिसतो आणि उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं. एक पांढरट पडदा सतत डोळ्यांपुढे राहतो. वरचा भाग काळा किंवा गडद आणि बिनचमकीचाच घ्यावा. त्यावर चकचकीत करणारं पॉलिश मारू नये, नाहीतर गडद घेऊनही उपयोग नाही.

चष्म्याचं गणित फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. मीटर आणि स्क्रीन डोळ्यांपासून साधारण सत्तर-ऐंशी सेंटिमीटरवर असतात. बायफोकलमध्ये लांबचं दिसतं आणि वाचायचं दिसतं. हे मधलं अंतर दोन्हीत बसत नाही. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मधला पट्टा असतो, पण स्क्रीन खाली, गिअरजवळ असला तर नजर वाचायच्या भागातून जाते आणि अक्षरं पुसट होतात. म्हणून रोजचाच चष्मा लावून, हनुवटी वर-खाली न करता आकडे वाचता येतात का ते बघायचं. पोलराइज्ड गॉगल लावत असतील तर तोही न्या. काही स्क्रीन त्यातून काळपट दिसतात, आणि समोरच्या काचेवर वेग दाखवणारी सोय असेल तर तिचे आकडेही त्यातून फिके पडतात.

समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब हल्ली जाड झालेत. गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून ते मजबूत लागतात, पण त्यांच्यामागे वळणावर अख्खी मोटरसायकल लपते. मान वळणारा माणूस पुढे-मागे झुकून बघतो. ज्याची मान आखडली आहे त्याला खांबामागचं दिसतच नाही. उभ्या गाडीत बाबांना बसवा आणि तुम्ही बाहेर दहा-बारा पावलांवरून समोरच्या कोपऱ्यापासून दारापर्यंत चालत जा. कुठे दिसेनासे झालात ते त्यांना सांगू द्या. दोन-तीन गाड्यांत हे केलं की फरक डोळ्यांनी कळतो. मागच्या कॅमेऱ्याचा भरवसा पावसाळ्यात निम्मा धरावा, भिंगावर चिखल बसतो. सेन्सरच्या आवाजाचंही बघावं. वयाबरोबर आधी तीव्र, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात, आणि पार्किंगची पीप-पीप बऱ्याच गाड्यांत नेमकी तशीच असते. तिचा आवाज किंवा सूर बदलता येतो का, हे सेल्समनला विचारा. त्याला बहुधा माहीत नसतं. मेनू उघडून तुम्हीच शोधा.

बटणांच्या बाबतीत माझी बाजू ठरलेली आहे. जे चालवताना लागतं ते हाताला लागलं पाहिजे. उभ्या गाडीत बाबांना डोळे मिटायला सांगा आणि काचेवरचं धुकं घालवायचं बटण, चारही इंडिकेटर एकदम लावायचं बटण, आवाज आणि वायपर शोधायला लावा. स्क्रीनच्या तीन पानांआड लपलेला एसी या परीक्षेत नापास होतो. युरो एनकॅप या सुरक्षा-चाचणी संस्थेने २०२६ पासूनच्या आपल्या नियमांत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर यांसारख्या गोष्टींसाठी वेगळी, हाताला लागणारी बटणं किंवा दांडे असण्याला गुण ठेवले आहेत, ते उगीच नाही. जुन्या गाडीत इंडिकेटरचा दांडा ज्या बाजूला होता त्याच बाजूला नव्या गाडीत आहे का, तेही बघा. नसेल तर सुरुवातीचे काही आठवडे प्रत्येक वळणावर वायपर फिरणार. सवयीचा मामला आहे. शक्य तर त्याच कंपनीची गाडी घेण्यामागे एवढं एक कारणही पुरेसं आहे.

लेन सोडली की स्टिअरिंग आपणहून ओढणारी यंत्रणा काहींना आधार वाटते, काहींना घाबरवते. ती बंद करायला किती वेळा बोट लावावं लागतं आणि गाडी पुन्हा सुरू केल्यावर ती आपोआप चालू होते का, हे विचारून घ्यावं. अडथळा दिसल्यावर स्वतः ब्रेक मारणारी यंत्रणा मात्र असावी, आणि ती चालूच ठेवावी.

गिअरबद्दल. गुडघा किंवा घोटा दुखत असेल तर क्लच नकोच. ऑटोमॅटिकमध्येही प्रकार आहेत. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअर यांना द्रवाने जोडणारा) आणि सीव्हीटी (गिअरचे वेगळे टप्पेच नसलेला) मुंगीच्या गतीने सरकायला मऊ असतात. साध्या गिअरबॉक्सलाच यंत्राने क्लच दाबायची सोय केलेला एएमटी स्वस्त पडतो, पण गिअर बदलताना झोका देतो, आणि चढावर गाडी धरून ठेवणारी सोय नसेल तर मागे घसरतो. ड्युअल क्लच म्हणजे दोन क्लच आळीपाळीने वापरणारा; त्यातला कोरड्या, म्हणजे तेलात न बुडवलेल्या क्लचचा प्रकार रखडणाऱ्या वाहतुकीत तापतो. गिअरचा दांडा सरळ पुढे-मागे होणारा असावा. गोल फिरवायची चकती किंवा बटणं दिसायला छान, पण मागचा गिअर पडलाय की पुढचा, हे हाताला कळत नाही.

जन्मभर क्लचची गाडी चालवलेल्या माणसाचा डावा पाय रिकामा बसत नाही. गडबडीत तो क्लच समजून ब्रेक दाबतो आणि गाडी जागच्या जागी आपटते. त्याहून वाईट चूक उजव्या पायाची: ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर. गाडी दचकून पुढे जाते, माणूस घाबरून तोच पाय आणखी दाबतो. हे जास्त करून गाडी लावताना, मागे वळून बघत असताना होतं, कारण कंबर फिरली की टाचही जागेवरून हलते. जपानने सप्टेंबर २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत असा चुकीचा दाब रोखणारी यंत्रणा सक्तीची करायचं ठरवलं आहे. आपल्या निवडीतल्या गाडीत ती नसेल तर निदान दोन पेडलमधलं अंतर आणि उंचीतला फरक पायाला स्पष्ट कळतो का ते बघावं. तेही नेहमीच्या चपला-बुटांसकट.

इंजिनाची चर्चा घरात सगळ्यात लांबते, आणि तिची तेवढी गरज नसते. दिवसाला चार-पाच किलोमीटर फिरणाऱ्यांनी डिझेल घेऊ नये. धुरातली काजळी अडवणारी गाळणी साफ व्हायला बराच वेळ सलग, चांगल्या वेगाने चालवावं लागतं. ते होत नाही, साफसफाई अर्धवट तुटते, त्या साफसफाईसाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि एक दिवस पिवळा दिवा लागतो. विजेची गाडी अशा फिरण्याला छान जुळते. अडीच किलोवॅटच्या घरगुती जोडणीवर आठ तासांत वीसेक युनिट भरतात, म्हणजे छोट्या गाडीला शंभर-सव्वाशे किलोमीटर. बाहेरच्या जलद चार्जरची केबल मात्र जाड आणि जड असते, ती आईच्या हाताने उचलून जागेवर बसते का ते एकदा करून बघा. हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) आणि विजेच्या गाड्या उभ्या असताना आवाज करत नाहीत. गाडी चालू असल्याचं सांगणारा ‘रेडी’चा दिवा विझल्याशिवाय उतरायचं नाही, ही सवय लावावी लागते. बंद गॅरेजमध्ये हायब्रिड चालू राहिली तर तिचं इंजिन मध्येच सुरू होतं, आणि त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो.

टॉप मॉडेल म्हणजे सगळं चांगलंच, असं टायरच्या बाबतीत नसतं. टायरवर १९५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के बाजूची उंची, तिसरा रिमचा व्यास इंचांत. म्हणजे या टायरची बाजू सुमारे १२७ मिलिमीटर उंच. चाकाचा बाहेरचा व्यास जवळपास तेवढाच ठेवून २०५/५५ आर १६ घेतला तर बाजू ११३ वर येते, २२५/४५ आर १७ घेतला तर १०१ वर. खड्ड्याचा दणका शोषणारी रबर-हवेची उशी एवढी कमी झाली, की तो दणका पाठीला जातो. कंबरदुखी असलेल्या माणसाने लहान रिमचं मॉडेल मागून घ्यावं. मोठं चमकदार चाक फोटोत छान दिसतं. स्टेपनी आहे की नुसता द्रव भरायचा डबा, हेही विचारा. टायरची बाजू कापली गेली तर त्या डब्याचा काही उपयोग होत नाही. पण स्टेपनी असली तरी पंधरा-वीस किलोचं चाक सत्तरीतला माणूस उचलणार नाहीच. तेव्हा मदतीला बोलवायचा नंबर तयार असावा.

व्हीलचेअर किंवा वॉकर असेल तर ते शोरूममध्ये घेऊन जा. डिकीचं लिटरमधलं माप तिथे निरुपयोगी ठरतं. घडी घातलेली खुर्ची आडवी बसते का आणि डिकीचा काठ किती उंच, हेच महत्त्वाचं. वर उघडलेलं मागचं दार आईच्या हाताला येतं का? नसेल तर त्याला आतून ओढायला पट्टा लावता येतो, आणि विजेवर चालणारं असेल तर कित्येक गाड्यांत ते किती वर उघडायचं हे ठरवून ठेवता येतं.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या ठरलेल्या गुळगुळीत फेरीवर घेऊ नये. त्यांच्या रोजच्या रस्त्यावर, त्यांच्या नेहमीच्या जागेत उलटी लावून, आणि जमलं तर एकदा अंधार पडल्यावर. तुम्ही मागे बसा आणि बोलू नका.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात मोकळ्या मैदानात डावा पाय सीटकडे ओढून धरायचा सराव, आरसे आणि सीट त्यांच्या मापाने, हेडलाइटच्या उंचीची चकती असेल तर माणसं आणि सामान भरल्यावर ती फिरवायची आठवण. किल्लीतली बॅटरी संपली तर आतली धातूची किल्ली कशी निघते, आणि बॅटरी संपलेली किल्ली गाडीत कुठे टेकवली की गाडी सुरू होते, हे त्यांच्याच हाताने एकदा करून घ्यावं. टायरची बाजू बघून चार आकड्यांची तारीख वाचावी; २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. नव्या गाडीला फार जुने टायर असतील तर तिथेच बदलून मागावेत. हवा किती भरायची तो आकडा चालकाच्या दाराजवळच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. टायरवरच छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते. पंपावरच्या मुलाने तेवढी भरली तर लहान रिमचं मॉडेल मुद्दाम मागून घेतल्याचा फायदा त्याच दिवशी संपतो.